सुमीचा पाय, माझी कंबर

माझी धाकटी बहीण सुमी पायाळू. म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले आणि डोकं मागून. यात तिचं कर्तृत्व काय, ते मला अजून कळलेलं नाही. जे सोसायचं ते मायनं आणि सुईणीनं सोसलं. पण आमच्या डोणगावात आणि आजूबाजूच्या खेड्यांत पायाळूचा पाय म्हणजे औषध. कुणाच्या कमरेत उसण भरली, ओझं उचलताना लचक आली, की पायाळू माणसानं त्याच्या पाठीला पाय लावायचा आणि उसण उतरायची. आमच्याकडचा नेम असा, की वार रविवारचा हवा आणि उन्हं उतरणीला लागलेली हवीत. घराला लागूनच बाबांची पिठाची गिरणी होती, त्यामुळे एरवीही अर्धं गाव आमच्या दारात असायचं. रविवारी लोक दळणाबरोबर कंबरही घेऊन यायचे.

गिरणीच्या ओट्यावर गोणपाट अंथरलेलं असे. चांगले दांडगे बाप्ये, ज्यांना रस्त्यात पाहिलं की आम्ही पोरी बाजूला व्हायचो, ते टोपी काढून त्या गोणपाटावर पालथे पडायचे आणि सुमीची वाट बघायचे. माय आधी तांब्याच्या लोट्यानं सुमीचे पाय धुवायची. माझे पाय मायनं धुतल्याचं मला आठवत नाही, तान्हेपणी धुतले असतील तर असतील. मग सुमी, वय वर्षं अकरा-बारा, पायात चाळ घालून यायची आणि पालथ्या पडलेल्या माणसाच्या कमरेला हळूच पाऊल टेकवायची. त्याला लाथ म्हणायची पद्धत होती, पण तेवढ्यानं मांजरही जागं झालं नसतं. माणूस उठायचा, कमरेवर हात ठेवून इकडे तिकडे वळून बघायचा आणि म्हणायचा, हलकं वाटून राह्यलं. गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजात ते नीट ऐकू यायचं नाही, पण तोंडावरून कळायचं. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरून काहीतरी यायचं: उकडलेल्या शेंगा, बोरं, गुळाचा खडा, हंगामात हुरड्याची कणसं. हे सगळं सुमीचं. ती त्यातलं अर्धं न मागता माझ्या हातावर ठेवायची. ते ठेवणंच मला झोंबायचं. तिनं एकटीनं खाल्लं असतं तर मला तिच्याशी भांडता तरी आलं असतं.

पायाळू माणसावर वीज पडते, असंही आमच्याकडे मानतात. त्यामुळे आभाळात जरा काळं दिसलं, की सुमीला घरात ओढायचं, खिडकीपासूनही दूर बसवायचं. आणि त्याच वेळी मायची हाक यायची, “शोभे, गच्चीवरचे गहू आण वं.” शोभा म्हणजे मी. लोकांचे धुतलेले गहू वाळत घातलेले असायचे, ते भिजले तर गिरणीचं नाव जाणार. मी कडाडणाऱ्या आभाळाखाली चादरीची टोकं गोळा करायची आणि सुमी आत पाटावर बसून शेंगा सोलायची. मी एकदा मायला विचारलं, मले कायले पाठवतं, माह्यावर नाही का पडत वीज? माय म्हणाली, तू साधी आहेस, तुह्यावर कायले पडन? धीर द्यायला म्हणाली असेल. पण विजेलाही आपण नकोसे आहोत, हे ऐकून मी त्या दिवशी जेवले नव्हते, आणि त्या दिवशी घरात वांग्याचं भरीत होतं.

माझ्याकडे एकच गोष्ट माझी होती, ती म्हणजे खो-खो. सुमीच्या पायांना मान होता, तर माझ्या पायांना वेग. शाळेच्या मैदानावर मी पळायला लागले की आठवी-नववीच्या पोरी ओरडायच्या, आणि दिवाळीनंतर मेहकरला तालुक्याचे सामने असायचे, त्यात माझी जागा नक्की होती. सुमीला पळायची बंदी होती. तिचा पाय मुरगळला, मोडला तर लोकांच्या कमरांचं काय? ती संध्याकाळी मैदानाच्या तारेजवळ दप्तर घेऊन उभी राहायची आणि मला पळताना बघायची. मला वाटायचं, बघ, बघ, इथं तुझं काही चालत नाही. तो तासभर मी सुखी असायचे.

म्हणून जेव्हा माझीच कंबर दुखायला लागली, तेव्हा मी ते कुणाला सांगितलं नाही. नववीत होते. दळणाचा डबा उचलून गिरणीच्या तोंडात रिकामा करताना खाली कमरेत काहीतरी ओढल्यासारखं झालं, आणि मग ते गेलंच नाही. शाळेत बाकावर शेवटच्या तासाला बसवायचं नाही. सकाळी चपला घालायला वाकले की डोळ्यांत पाणी यायचं. इतर कुणी मुलगी असती तर मायजवळ रडली असती. मला माहीत होतं, रडले तर काय होईल: रविवारी त्या गोणपाटावर सगळ्या गावासमोर मी पालथी पडणार आणि माझी धाकटी बहीण माझ्या कमरेवर पाय ठेवणार. त्यापेक्षा दुखणं बरं. आषाढी झाली, नागपंचमी झाली, मी दात आवळून पळत राहिले. शेवटी एका संध्याकाळी खो मिळाला आणि मी बसल्या जागेवरून उठूच शकले नाही. खेळाच्या सरांनी हाताला धरून उभं केलं, घरी निरोप पाठवला आणि माझ्या जागेवर दुसरी मुलगी बसवली. कंबर बरी झाली की ये, म्हणाले.

घरात कुणालाच काळजी वाटली नाही. उलट सगळे हसले. आमच्या गिरणीत नेहमी येणारी जरीना चाची, बांगड्यावाल्यांच्या घरची, मायला म्हणाली, काखेत कळसा आणि गावाला वळसा, घरात औषध ठेवून पोरगी दुखणं घेऊन फिरून राह्यली. रविवार आला. मी गोणपाटावर पडले. तोंडाला पिठाचा, जुन्या ज्वारीचा वास. मागून चाळ वाजले. सुमीचं ओलं पाऊल कमरेला लागलं आणि मी डोळे गच्च मिटले, कारण माझी खात्री होती की मी बरी होणार आणि मग जन्मभर हे ऐकावं लागणार.

“उतरलं का वं?” मायनं विचारलं.

मी उठले, वाकून बघितलं. कळ तशीच्या तशी होती. “नाही,” मी म्हणाले.

खरं सांगते, कंबर दुखत असूनही त्या क्षणी मला इतकं बरं वाटलं, की मी ते ‘नाही’ जरा मोठ्यानंच म्हटलं असेन. बाबांनी पट्टा थांबवला होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. सुमी आपल्या पायाकडं बघत उभी राहिली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या रविवारीही. लोक कुजबुजायला लागले, ओट्यावरची गर्दी पातळ झाली, आणि मी मनातल्या मनात लाडू खात होते. पण माय काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. तिनं एका दुपारी दळणवाल्या बायांना सहज सांगून टाकलं, “पायाळूचा पाय सख्ख्या रक्ताले लागत नसते, बाप्पा. जुनं माणूस सांगते.” हे कुठल्याही जुन्या माणसानं कधी सांगितलेलं नव्हतं. पण बायांनी माना डोलावल्या, आणि पुढच्या रविवारी ओटा पुन्हा भरला. सुमीचं अपयश होतं, तेही तिच्या गुणात जमा झालं. मी मात्र दुखरी कंबर घेऊन होते तिथंच.

मग मेहकरचा मामा आला आणि त्यानं मला तिथल्या डॉक्टरांकडे नेलं. एकटी पोर कशी पाठवायची, म्हणून मायनं सोबत सुमीला दिली. डॉक्टरांनी फोटो काढून बघितला, हाड चांगलं आहे म्हणाले, आणि बस स्टँडजवळच्या दोन खोल्यांत बसणाऱ्या एका बाईंकडे पाठवलं. या बाई आठवड्यातून एकदा अकोल्याहून यायच्या आणि व्यायामानं दुखणी बरी करायच्या. आम्ही असं काही ऐकलेलंच नव्हतं. मला वाटलं होतं, गोळ्या मिळतील, निदान कमरेला बांधायचा रुबाबदार पट्टा तरी मिळेल, जो सुमीला दाखवता येईल. बाईंच्या खोलीत एक सतरंजी होती, एक आरसा होता आणि काही नाही.

बाईंनी मला पालथी, उताणी करून तपासलं. पाय सरळ ठेवून वर उचलायला सांगितला तर तो मांडीमागं ताठून मधेच अडला. उभं राहून बोटं जमिनीला लाव म्हणाल्या, माझी बोटं गुडघ्यांच्या थोडी खाली जाऊन थांबली. मग त्या मामाला समजावत बसल्या, की या वयात पोरी झपाट्यानं वाढतात, मांड्यांच्या मागच्या शिरा आखडतात, पोटाचे आणि पाठीचे स्नायू मागं पडतात, आणि त्यात ओझं उचलायचं ते कमरेतून वाकून. मामानं विचारलं, किती दिवस झोपवून ठेवू? बाई म्हणाल्या, “झोपवून अजिबात ठेवू नका. झोपून ही पाठ आणखी कमजोर होईल. हिला हलायचं आहे, रोज, थोडं दुखलं तरी.” मामाला ते पटलं नाही. मलाही नाही. दुखणाऱ्या माणसाला व्यायाम सांगणं म्हणजे तापानं फणफणलेल्याला उन्हात बसवण्यापैकी वाटलं.

व्यायाम साधे होते. उताणं पडून गुडघे उभे ठेवायचे आणि कंबर वर उचलून धरायची. जुनी ओढणी पावलात अडकवून पाय हळूहळू वर ओढायचा. ओझं उचलताना गुडघ्यातून बसायचं. आणि सगळ्यात अवघड म्हणजे घोडा: हात आणि गुडघे टेकून ओणवं व्हायचं, एक हात पुढं आणि उलटा पाय मागं लांब करायचा, आणि कंबर हलू द्यायची नाही. हलते की नाही हे कळावं म्हणून बाईंनी माझ्या कमरेवर पाण्यानं भरलेली वाटी ठेवली. मी पाय उचलला आणि वाटी सतरंजीवर. पुन्हा ठेवली, पुन्हा सांडली. फ्रॉक भिजला. तेवढ्यात सुमी, जिला कुणी काही विचारलं नव्हतं, माझ्या शेजारी ओणवी झाली आणि म्हणाली, “माह्या पाठीवर ठेवा बरं.” बाईंनी हसून ठेवली. सुमीनं हात लांब केला, पाय लांब केला, आणि वाटीतलं पाणी हललंसुद्धा नाही. जिची कंबर दुखत नव्हती, जिला पळायची बंदी होती, ती. बाई म्हणाल्या, “वा. बघ शोभा, बहिणीकडून शिक. आणि घरी हीच तुझ्यावर लक्ष ठेवेल.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी तोंड करून बसले. सुमीनं मामानं घेऊन दिलेल्या पेढ्यांतला मोठा पेढा माझ्याकडे सरकवला. मी घेतला, खाल्ला आणि पुन्हा खिडकीकडे वळले.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे गिरणी सुरू व्हायच्या आधी धान्याच्या खोलीत माझे व्यायाम सुरू झाले. चुलीवर चहाचं पाणी चढलेलं, बाहेर बाबा मशीनला तेल घालतायत, आणि आत सुमी पितळी वाटी घेऊन बसलेली, मास्तरीणबाईसारखी. वाटी पडली की ती रागवायची नाही, ओरडायची नाही. तांब्यातून पुन्हा भरायची आणि पुन्हा ठेवायची. पहिले काही दिवस दुखणं वाढलं. बाईंनी ते आधीच सांगितलं होतं, तरी मी दोनदा तरी रडले. मायला वाटायचं हे सगळं खूळ आहे. पण गावात कुणाला कळू नये, म्हणून तिनं खोलीचं दार लावून घ्यायला सांगितलं होतं. पायाळूच्या घरात डॉक्टरचा व्यायाम चालतो, हे कळलं असतं तर ‘सख्ख्या रक्ता’चं काय झालं असतं?

आज माझी नात दहावीत आहे. मोबाइलवर तासन्‌तास वाकून बसते आणि कंबर दुखते म्हणते. तिला मी तेच व्यायाम शिकवले. तिच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, फक्त चित्रांसकट. ती चार दिवस करते आणि सोडते. सगळी पोरं सोडतात, मेहकरच्या बाईही म्हणायच्या, पाठ दुखायची थांबली की व्यायाम बंद. मी काऊन नाही सोडले, असं नात विचारते. मी सांगते, चिकाटी होती. खरं उत्तर तिला सांगण्याजोगं नाही. खरं उत्तर असं, की मला सुमीला हरवायचं होतं. संध्याकाळी, जो वेळ आधी खो-खोचा होता, सुमी शेजारी सागरगोटे खेळायला गेली की मी धान्याच्या खोलीत जाऊन एकटीच घोडा व्हायचे आणि आपल्या हातानं कमरेवर वाटी ठेवायचे, जे सोपं नाही. डोळ्यांपुढं आरोग्य नसायचं, मैदानही नसायचं. बाईंच्या खोलीतलं सुमीच्या पाठीवरचं ते न हललेलं पाणी असायचं. मत्सरानं माणूस जळतो म्हणतात. माझी त्यानं पाठ बळकट केली.

कारण पाणी सांडायचं थांबलं. आधी बाकावर बसणं सोपं झालं, मग चपला. एका पहाटे सुमी वाटी ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, “ताई, नाही सांडलं.” ती हसत होती. मी म्हणाले, मले माहीत आहे. पुन्हा मेहकरला गेलो तेव्हा माझी बोटं जमिनीला लागली. बाईंनी पाठ दाबून, वाकवून बघितली आणि सांगितलं, पळायला लाग.

आणि मी पळू शकले नाही. मैदानावर गेले, सरांनी शिट्टी वाजवली, पोरी सुटल्या, आणि मी कमरेवर हात ठेवून चालत राहिले. दुखत काहीच नव्हतं. पण पाय उचलला की वाटायचं आता ती कळ येणार, आता येणार. रोज असंच. दिवाळी तोंडावर आली होती. सर म्हणाले, सामन्यांसाठी नावं द्यायची आहेत, येत्या सोमवारपर्यंत पळालीस तर ठीक. मामाकडून बाईंना विचारवलं. त्यांचा निरोप आला, “पाठ बरी झाली आहे. आता भीती राहिली. भीतीवर माझ्याकडे व्यायाम नाही.” मी तारेजवळ सुमीच्या शेजारी दप्तर घेऊन उभी राहू लागले. आम्ही दोघी आता सारख्या झालो होतो, आणि ते मला मुळीच सहन होत नव्हतं.

त्या आठवड्यातल्या रविवारी जरीना चाची कमरेला हात लावूनच आली. बांगड्यांची पेटी उचलताना लचकली होती. ओट्यावर आणखी बाया दळण घेऊन बसलेल्या. मायनं लोटा भरला. सुमी आली, पण पाय पुढं केला नाही.

“चाची, माह्या पायात काही नाही,” ती म्हणाली. “ताईले लागला नाही, तो सख्खं रक्त म्हणून नाही. तो कोणालेच लागत नाही. ताईची कंबर ताईनं बरी केली. तिले विचारा.”

मायच्या हातातला लोटा तसाच राहिला. बाबांनी पट्टा थांबवला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्याकडे, दारात डबा घेऊन उभ्या असलेल्या साध्या मुलीकडे, आणि सुमी आतून पितळी वाटी घेऊन आली. मी त्या गोणपाटावर ओणवी झाले. हात पुढं, पाय मागं. वाटी हलली नाही. बाया वाकून वाकून बघत होत्या. हा माझा रविवार होता. जन्मभर ज्याची वाट पाहिली तो हा, असं वाटलं, आणि तो फार तर चहा उकळेपर्यंत टिकला. कारण जरीना चाची हळूच खाली टेकली, गुडघे दुमडले आणि म्हणाली, “करतो वं माय, हेबी करतो. पण कटोरी तूच ठेव सुमी बेटा. तुह्या हातात बरकत हाय.”

मी काही बोलणार तेवढ्यात आभाळ गडगडलं. जाता जाता येतो तो पाऊस, मूग-उडीद घरात येऊन पडले की येणारा. गच्चीवर लोकांचे गहू होते. माय ओरडली, “शोभे, गहू!” आणि माझ्या आधी सुमी उठली. वाटी तिनं चाचीच्या हातात दिली आणि जिन्याकडे सुटली. माय किंचाळली, “सुमे, तू नाही! सुमे!”

सुमी पहिल्या पायरीवर थांबली. “मी कायची पायाळू आता?” ती म्हणाली. आणि पळाली.

मीही पळाले. वर पोचले तेव्हा ती चादरीच्या मधोमध उभी राहून तोंड वर करून आभाळाकडे बघत होती, इतकी वर्षं ज्याच्यापायी तिला घरात कोंडलं त्या काळ्या आभाळाकडे. थेंब पडायला लागले होते. मी ओरडले, टोक धर, टोक धर, आणि आम्ही दोघींनी गहू गोळा केले, गाठोडं बांधलं आणि ओढत खाली आणलं. वीज कुणावरच पडली नाही. मायनं सुमीला आधी छातीशी धरलं, मग एक धपाटा घातला, मग मला एक घातला.

माझी कंबर दुखली नाही, हे माझ्या लक्षात आलं ते जेवताना, भाकरी मोडता मोडता. दुसऱ्या दिवशी सरांनी शिट्टी वाजवली आणि मी सुटले. मेहकरला माझं नाव गेलं. त्याच्या पुढच्या वर्षी सुमीचंही गेलं, आणि आता साठी उलटल्यावरही ती रोज सकाळी फोन करून विचारते, ताई, केले का व्यायाम? पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी जिन्यावर मला ना पाठ आठवत होती, ना भीती. मला एवढंच दिसत होतं, की सुमी माझ्याहून जोरात पळते.